स्कूप किती, गोळ्या कोणत्या: मायलेकांच्या गरजेचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, वजन ७० किलो, काम बैठं. काही महिन्यांपासून आठवड्यातून चार दिवस जिममध्ये वजनं उचलतो. ट्रेनरने ‘किलोमागे दोन ग्रॅम प्रोटीन’ सांगितलं म्हणून रोज दोन स्कूप व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर) घेतो. त्याशिवाय मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स, क जीवनसत्त्वाची १,००० मिलिग्रॅमची गोळी, केसांसाठी बायोटिन, ड जीवनसत्त्व घातलेलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाची वेगळी कॅप्सूल आणि आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटची मोठी गोळी. ही शेवटची डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी दिली होती, बरं वाटलं म्हणून पुढेही चालू ठेवली. आई ६८ वर्षांच्या, वजन ५२ किलो, मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतात. त्यांची भूक कमी झाली आहे, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. ‘आता तिलाही माझ्यातलंच थोडं थोडं देतो. आम्हाला यातलं खरंच किती लागतं?’

आधी उत्तर सांगते, मग कारणं. तुमच्या यादीतलं बरंचसं तुम्हाला लागत नाही. त्यातली आठवड्याची मोठी गोळी आजच थांबवा. आणि ज्या पावडरीवाचून तुमचं फारसं अडणार नाही, ती तुमच्यापेक्षा आईंच्या जास्त उपयोगाची आहे. पण त्यांच्या हिशोबाने, तुमच्यातलं थोडं थोडं म्हणून नव्हे.

प्रोटीनच्या गरजेचा आकडा कुठून येतो ते समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. माणसाच्या खाण्यातून किती नायट्रोजन आत गेला आणि लघवी, शौच, घाम यांतून किती बाहेर पडला हे मोजलं, की शरीराची झीज भरून निघायला किती प्रोटीन पुरतं ते कळतं. अशा मोजणीवरून जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञगटाच्या २००७ सालच्या अहवालाने निरोगी प्रौढाची सरासरी गरज किलोमागे ०.६६ ग्रॅम धरली आणि रोजची शिफारस ०.८३ ग्रॅमची केली. म्हणजे शिफारस करतानाच सरासरीच्या वर राखीव वाढ दिली, कारण ती जवळजवळ सगळ्याच निरोगी माणसांना पुरली पाहिजे. जीवनसत्त्वांच्या बहुतेक शिफारशीही अशाच बेतलेल्या असतात: ९७-९८ टक्के लोकांची गरज त्यात भागते. म्हणून शिफारशीपेक्षा थोडं कमी खाल्लं की लगेच कमतरता झाली असं होत नाही. शिफारशीच्या दुप्पट घेतलं की दुप्पट फायदा, हेही तितकंच चुकीचं.

तुमच्या वजनाला ०.८३ ने गुणलं तर येतात ५८ ग्रॅम. हा नुसता निरोगी राहण्याचा आकडा झाला. स्नायू वाढवायचे तर जास्त लागतं, यात ट्रेनरचं बरोबर आहे. किती जास्त, यावर २०१८ साली ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. वजनं उचलणाऱ्या निरोगी लोकांमध्ये किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन वाढवत नेलं की स्नायूंची वाढ सुधारते, त्यापुढे सरासरीने काही हाती लागत नाही, असं त्यात दिसलं. त्याच आढाव्यातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो जाहिरातीत कधी दिसत नाही. काही आठवडे किंवा महिने व्यायाम करून जे चरबीविरहित वजन वाढलं, त्यात जादा प्रोटीनचा वाटा सरासरी सुमारे ३०० ग्रॅम होता. बाकीचं काम व्यायामाचंच. म्हणजे जिमला दांडी मारून स्कूप चुकवला नाही, तर त्या स्कूपचं स्नायू करायला शरीराला काही कारणच उरत नाही.

तुमचं लक्ष्य १.२ ते १.६ धरू. म्हणजे ८४ ते ११२ ग्रॅम. आता ताटातलं मोजू. तुम्ही लिहिलेल्या रोजच्या खाण्यात दोन अंडी आहेत, त्यांचे १२ ग्रॅम. दूध-दही मिळून अर्धा लिटर, त्याचे १६. शिजवलेली डाळ किंवा उसळ दोन वेळची मिळून ३०० ग्रॅम, त्याचे २४. दिवसभरातल्या धान्यांचे साधारण २२. बेरीज ७४. ज्या दिवशी मासे किंवा चिकनचा १०० ग्रॅम शिजवलेला वाटा असतो त्या दिवशी आकडा शंभरीला टेकतो. धान्यातलं प्रोटीन मोजायचंच नसतं असं बरेच जण समजतात, पण ते धरलं नाही तर रोजचे वीसेक ग्रॅम हिशोबातून गायब होतात. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यांपैकी लायसिन धान्यात कमी आणि मेथिओनिन डाळींत कमी, हे खरं आहे. म्हणूनच दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. दोन्ही एकाच घासात असली पाहिजेत असंही काही नाही.

तेव्हा मासे-चिकन नसलेल्या दिवशी तुमची तूट दहा ते अडतीस ग्रॅमची. ती बरीचशी एका स्कूपने भरते, किंवा आणखी दोन अंडी आणि वाटीभर डाळीनेही भरते. दुसऱ्या स्कूपची गरज मला कुठेच दिसत नाही. तो जातो कुठे, हेही सांगते. चरबीचा साठा होतो तसा प्रोटीनचा वेगळा साठा शरीरात होत नाही. नको असलेल्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन यकृत काढून टाकतं, त्याचा युरिया होऊन लघवीवाटे जातो, आणि उरलेला सांगाडा ऊर्जेसाठी जाळला जातो किंवा जेवणच जास्त असेल तर चरबीत जमा होतो. निरोगी मूत्रपिंडांना याने इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे उगाच घाबरू नका. मात्र मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला कसलंही लक्षण दाखवत नाही आणि कित्येकांना तो असल्याचं माहीतच नसतं. अशा माणसाचं प्रोटीन डायलिसिस सुरू होण्याआधी किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅमच्या आसपास मर्यादित ठेवावं लागतं आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट वाढवावं लागतं. म्हणून वर्षानुवर्षं जास्त प्रोटीन घ्यायचं ठरवलं असेल तर एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणी करून घ्या. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर ती आधीच करा.

पावडर घेताना एक बघा. स्कूप ३३ ग्रॅमचा असला तरी त्यात प्रोटीन २४ ग्रॅमच असू शकतं, हिशोब त्या २४ चा करायचा. आणि ते २४ तरी खरे असतात का? नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन असलेलं दुसरं काही मिसळलं की आकडा फुगतो. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच पळवाटेतून, आणि त्यात तान्ह्या मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. पावडरींमध्ये हाच प्रकार ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्लं घालून होतो. घटकांच्या यादीत ही नावं सुटी दिसली तर तो डबा परत ठेवा. स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून घेतल्याची खूण असलेला डबा त्यातल्या त्यात भरवशाचा. मात्र ती खूण कोणत्या संस्थेची आहे आणि तुमच्या डब्याचा बॅच क्रमांक त्यांच्या यादीत आहे का, हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या.

आता आईंकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नातली खरी काळजीची गोष्ट ती आहे. वय वाढतं तसे स्नायू प्रोटीनला कमी प्रतिसाद देतात. तरुण माणसाच्या स्नायूंची बांधणी जितक्या प्रोटीनने सुरू होते, तितक्याने वयस्कर माणसाची होत नाही. त्यातच भूक कमी होते आणि दात त्रास देतात, मग मऊ आणि पिठूळ पदार्थ वाढतात, डाळी-अंडी मागे पडतात. साठीपुढच्या माणसांसाठी तज्ज्ञ आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. आजारपणातून उठत असतील तर त्याहून थोडं जास्त. आईंचा आकडा येतो ५२ ते ६२ ग्रॅम. दिसायला तुमच्यापेक्षा कमी, पण ज्यांचं दिवसभराचं खाणंच चार घासांचं आहे त्यांना तो गाठणं तुमच्यापेक्षा कितीतरी अवघड.

म्हातारपणी स्नायू किती झपाट्याने जातात याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. जेवणात शिफारशीइतकं प्रोटीन होतं. दहा दिवसांत नुसत्या पायांमधलं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वजन गेलं. एखाद्या तापातून किंवा छोट्या शस्त्रक्रियेतून उठलेले आजी-आजोबा पुन्हा पहिल्यासारखे का चालत नाहीत, त्याचं मोठं कारण हे आहे. घरच्यांना वाटतं वय झालं. वय झालेलं असतंच, पण त्या आठवड्यांत पोटात काय गेलं आणि माणूस किती हलला, हे कोणी बघितलेलं नसतं.

आईंची ताकद घरी मोजता येते. भिंतीला टेकवलेल्या साध्या खुर्चीवर बसवा, हात छातीवर दुमडायला सांगा आणि पाच वेळा उठून बसायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला किंवा हातांशिवाय उठताच आलं नाही, तर स्नायूंची ताकद कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांना दाखवायला हवं. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या इथेच अडतील असं वाटतं.

त्यांना प्रोटीन एकाच वेळी भरपूर देऊन भागत नाही, प्रत्येक जेवणात २० ग्रॅमच्या पुढे जाईल असं बघायचं. सर्वांत हलकं जेवण त्यांचं सकाळचं असेल, तर तिथूनच सुरुवात करा: अंडं, दूध, दही, मऊ शिजवलेली डाळ, जे त्यांना आवडतं आणि चावतं ते. इतकं करूनही पुरत नसेल तर पावडर जरूर वापरा. दुधात किंवा पातळ लापशीत अर्धा-पाऊण स्कूप कालवून दिला तर पोट न भरता १२ ते १८ ग्रॅम जातात, आणि भूक नसलेल्या माणसासाठी हीच त्या पावडरीची खरी किंमत आहे. त्यांना मधुमेह आहे, तेव्हा मूत्रपिंडाची तपासणी करूनच हे सुरू करायचं. आणि सोबत उठाबशांसारखा, पायऱ्यांचा काही तरी व्यायाम हवाच. डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आईंसाठी दुसरी गोष्ट बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ चं शोषण कमी होतं. वयानुसार पोटातलं आम्लही घटतं, त्यामुळे अन्नातल्या प्रोटीनला चिकटलेलं बी-१२ सुटं होत नाही. म्हणजे ताटात असूनही ते रक्तात पोचत नाही. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असल्याने कमतरता हळूहळू येते, आणि विसराळूपणा, पायांना मुंग्या, तोल जाणं ही लक्षणं सहज मधुमेहाच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकली जातात. नसांची हानी लांबली तर ती पूर्ण भरून येत नाही, म्हणून मी याबाबत फार आग्रही असते: तपासणी करा. पातळी मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर पुढची तपासणी लागते. रोजची गरज फक्त २.४ मायक्रोग्रॅम असताना उपचाराच्या गोळीत १,००० मायक्रोग्रॅम का असतात, असं तुम्हाला वाटेल. नेहमीची शोषणाची वाट बंद पडली तरी एक टक्क्याच्या आसपास बी-१२ आतड्यातून आपसूक आत झिरपतं, आणि एवढ्या मात्रेचा एक टक्का गरजेला पुरून उरतो.

तुमच्या ड जीवनसत्त्वाकडे येते. डबे शेजारी ठेवून बेरीज करा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ६०० युनिट, कॅल्शियमच्या गोळीत १,०००, वेगळ्या कॅप्सूलमध्ये २,०००. झाले ३,६००. आठवड्याच्या ६०,००० ला सातने भागलं की रोजचे साडेआठ हजारांच्या वर. एकूण रोज १२,००० युनिट. प्रौढाची रोजची शिफारस ६०० युनिट आहे आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये असा दंडक आहे. मोठी गोळी ही कमतरता भरून काढायचा उपचार असतो, ठरलेल्या आठवड्यांपुरता. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. ते अति झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. फार तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गळून गेल्यासारखं वाटणं यांपैकी काही असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. नसेल तरी २५-हायड्रॉक्सी ड (रक्तातली ड जीवनसत्त्वाची पातळी) आणि कॅल्शियम तपासून घ्या, आणि निकाल येईपर्यंत मोठी गोळी, कॅप्सूल आणि कॅल्शियमची गोळी तिन्ही बंद ठेवा.

ही मोठी गोळी आईंना तर अजिबात परस्पर देऊ नका. ‘वर्षातून एकदा भरपूर दिलं की झालं’ या कल्पनेची २०१० साली सत्तरीपुढच्या स्त्रियांमध्ये चाचणी झाली, वर्षाला एकदम ५ लाख युनिट देऊन. पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. ज्यांची पातळी मुळात बरी आहे त्यांना रोज २,००० युनिट देऊन काय होतं, हेही अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांवर पाच वर्षांहून जास्त काळ तपासलं गेलं. कर्करोग, हृदयविकार, हाडं मोडणं, यांतलं काहीच कमी झालं नाही. कमतरता असलेल्याला हेच जीवनसत्त्व हाडांसाठी अमृत आहे, आणि मुडदूस झालेलं मूल पाहिलेल्या कोणालाही ते वेगळं सांगावं लागत नाही. फरक आहे तो कमतरता असण्या-नसण्याचा.

‘फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. त्याचं उत्तर १९९४ मध्ये मिळालेलं आहे. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो आणि त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं, असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. ज्यांना बीटा-कॅरोटीनची गोळी मिळाली त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी याच कारणाने १९९६ च्या सुरुवातीला मध्येच थांबवावी लागली. पुढे ई जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटच्या गोळीनेही असंच झालं. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल या आशेने ती दिली होती, तो १७ टक्क्यांनी वाढला. भाजीतला एक पदार्थ वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिला की तो भाजीसारखा वागतोच असं नाही.

बाकीच्या गोळ्यांचं पटकन उरकते. क जीवनसत्त्वाची रोजची गरज शंभर मिलिग्रॅमच्याही आत आहे. एकदम १,००० मिलिग्रॅमच्या वर घेतलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं, आणि पुरुषांमध्ये अशा मात्रेने मूतखड्याचा धोका वाढतो. सर्दी होण्याचं प्रमाण सर्वसाधारण माणसात त्याने कमी होत नाही. नियमित घेणाऱ्या प्रौढांत तिचा काळ आठेक टक्क्यांनी घटतो, म्हणजे आठवड्यातला अर्धा दिवस. तुम्ही व्यायाम करता, म्हणून आणखी एक सांगते. २००९ च्या एका अभ्यासात तरुणांना व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम जो सुधारायला हवा होता तो सुधारलाच नाही. व्यायामाचा थोडा ताणच शरीराला सुधारणेचा निरोप देत असतो, तो गोळीने पुसला जातो. गोळी बंद करा, फळ खा.

बी-कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीजर्द होते ती बी-२ मुळे, ते ताकद आल्याचं लक्षण नाही. त्यातल्या बी-६ ची मात्रा मात्र बघा. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच हातापायांच्या नसा बिघडवतं. अमेरिकेत कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, युरोपच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये ती १२ वर आणली. बायोटिनची गरज ३० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळीत १०,००० असतात. कमतरता नसताना केसांना त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. मल्टिव्हिटॅमिन साध्या मात्रेचं असेल तर ते या यादीतलं सर्वांत निरुपद्रवी. ठेवायचंच असेल तर ते एक ठेवा, पण आयुष्य वाढेल या आशेने नको: २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जवळपास ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांच्या पाहणीत रोज घेणाऱ्यांचा मृत्युदर कमी आढळला नाही.

पूरकं खरोखरच लागतात अशी माणसं आहेत, आणि त्यांनी हे वाचून गोळ्या बंद करू नयेत. गरोदर राहण्याच्या आधीपासून ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूचे गंभीर दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे आता ठामपणे सिद्ध झालं आहे. दूध-अंडीही न खाणाऱ्यांना बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब, वजन कमी करण्याची पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना बहुतेक सगळंच, आणि रक्तक्षय असलेल्यांना तपासणीनंतर लोह. लोहाच्या गोळ्या घरात असतील तर त्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, अतिमात्रेने मूल दगावू शकतं.

रक्त तपासायला जाण्याआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि आईंना दिलं असेल तर त्यांचंही. प्रयोगशाळेतल्या काही चाचण्या बायोटिनवरच चालतात. रक्तात ते जास्त असलं की थायरॉईड वाढलेला नसतानाही वाढलेला दिसू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची पातळी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जाताना सगळे डबे पिशवीत घालून न्या, कारण डॉक्टरांना मात्रा लागतात आणि त्या लेबलवरच असतात. तुमच्या पावडरीत क्रिएटिन असेल तर तेही आवर्जून सांगा. त्याने क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंडं ठीक असतानाही थोडा वर येऊ शकतो. तसं झालं तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडाची दुसरी तपासणी करून खात्री करतील.